प्लेगच्या काळात मुंबईत रोगाचा माग कसा काढत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांतले मुंबई महापालिकेचे आरोग्य अहवाल वाचायला घेतले की ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. इतिहासाचे विद्यार्थी विचारतात, चाळींवर लिहिणारे विचारतात, आणि ‘आमचे पणजोबा प्लेगात गेले’ एवढंच ऐकत मोठे झालेले लोक तर हमखास विचारतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. या अहवालांतला कुठलाही आकडा हाती घेताना तो कोणी, कोणाला आणि कशाला घाबरून सांगितला हे पहिल्यांदा पाहावं. बेरीज-वजाबाकी नंतर.

सगळे मांडवीपासूनच का सुरुवात करतात?

रोग पहिल्यांदा ओळखला गेला तो तिथे. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी मांडवीतल्या रुग्णाला गाठीचा प्लेग झाल्याचं निदान केलं. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. महापालिकेच्या स्थायी समितीवर ते होते, त्यामुळे दवाखान्यात दिसलेली गोष्ट त्यांना थेट समितीपुढे मांडता आली. धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे. शेजारून रोज जाणाऱ्यांनी एकदा थांबून पाहावा.

मांडवी म्हणजे बंदराला खेटून असलेली व्यापारी पेठ. तळमजल्यावर धान्याच्या वखारी, वरच्या माळ्यांवर दाटीवाटीने राहणारी माणसं, आणि दोहोंच्या मधून जाणारी उघडी गटारं. उंदराला याहून चांगली जागा मिळाली नसती. मात्र रोग ‘ओळखला गेला’ ती तारीख म्हणजे रोग ‘आला’ ती तारीख नव्हे. त्याआधीच त्या भागात ताप सुरू होता आणि वखारींत उंदीर मरत होते. नोंद नेहमी मागून येते, हे इथपासूनच ध्यानात ठेवावं.

रोग्यांची आणि मृत्यूंची नोंद कोण करत असे?

१८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात घातक रोगाची माहिती पालिकेला देण्याचं बंधन होतं, आणि त्यात डॉक्टरांवर जबाबदारी टाकलेली होती. कागदावर हे चोख होतं. पण गिरणगावातल्या, नागपाड्यातल्या किंवा कामाठीपुऱ्यातल्या बहुतेक आजाऱ्यांपर्यंत डॉक्टर पोचतच नव्हता. वैद्य, हकीम, नाहीतर घरचा काढा. त्यामुळे जिवंत रोग्याची नोंद फार कमी वेळा झाली. खरी नोंद झाली ती मेल्यावर, स्मशानात आणि कबरस्तानात.

शहराचे ए ते जी असे सात वॉर्ड होते आणि त्यांच्या पोटात तिसेक सेक्शन. प्रेत सोनापुरात, म्हणजे स्मशानात, आलं की तिथला कारकून नाव, वय, जात किंवा धर्म, राहण्याचं ठिकाण आणि मरणाचं कारण विचारून लिहून घेई. हे कारण सांगायचं कोणी? खांदा द्यायला आलेल्या माणसाने. तो चाळीतला शेजारी असेल, गाववाला असेल, गिरणीतला सोबती असेल. ‘कशाने गेला?’ या प्रश्नाला तो ‘तापाने’ म्हणे आणि कारकून ‘ताप’ लिही. यात त्या कारकुनाचा दोष मला दिसत नाही. समोर प्रेत, मागे रांग, आणि वैद्यकीय दाखला नाही. तो दुसरं काय लिहिणार होता? या नोंदींची दर आठवड्याला सेक्शनवार बेरीज होई आणि त्यावरून आरोग्य अधिकारी रोग कुठल्या दिशेने सरकतोय ते ताडत.

लोक खरं का सांगत नव्हते? अडाणीपणा?

नाही. हा शब्द त्या वेळच्या साहेबी अहवालांत जागोजागी येतो आणि आजही काही लेखांत तसाच उतरवला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली. त्यानंतर चाळीचाळींतून झडत्या सुरू झाल्या. रोगी सापडला की त्याला इस्पितळात, घरच्यांना सेग्रिगेशन कॅम्पात, म्हणजे वेगळं ठेवण्याच्या छावणीत. अंथरूण-पांघरूण जाळायचं, कौलं काढून घर उघडं टाकायचं, भिंती चुन्याने आणि औषधाने धुवायच्या. ज्या घरात प्लेगचा मृत्यू झाला त्याच्या दारावर लाल रंगाचं वर्तुळ काढत. जितके मृत्यू तितकी वर्तुळं. त्या काळच्या छायाचित्रांत अशी दारं दिसतात. एका चौकटीवर ओळीने काढलेली ती वर्तुळं पाहिली की तो काळ अंगावर येतो. पुढचा प्रकार म्हणजे घर राहण्यास अयोग्य ठरवून त्यावर तशी अक्षरं रंगवणं. भाडोत्र्याने मग जायचं कुठे, याचं उत्तर दार रंगवणाऱ्याकडे नसे.

अशा वेळी शेजारणीच्या पोराच्या जांघेत गाठ दिसली तर ती कोण सांगणार? सांगणं म्हणजे पोर हातचं जाणं, बिऱ्हाड रस्त्यावर येणं, आणि रोजगार बुडणं. इस्पितळात गेलेला परत येत नाही हा समजही निराधार नव्हता. बहुतेकांना तिथे नेलं जाई ते अखेरच्या अवस्थेत. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. आजचं कस्तुरबा रुग्णालय ते हेच. ९ मार्च १८९८ ला रिपन रोड भागात विणकर मुसलमानांच्या वस्तीत एका बारा वर्षांच्या मुलीला तपासण्यावरून दंगल उसळली आणि ती शहरभर पसरली. पुण्यातल्या जबरदस्तीचा शेवट जून १८९७ मध्ये रँडच्या खुनात झाला, ते सर्वांना ठाऊक आहे.

याचा परिणाम थेट नोंदवह्यांत उमटला. रोगी माळ्यावर लपवले गेले, रातोरात गावी पाठवले गेले, मृत्यू दुसऱ्या कारणाखाली लिहिले गेले. १८९८ नंतर सरकारने हात बराच सैल केला. जातीजातींची स्वतःची इस्पितळं आधीच निघाली होती, त्यांना मान्यता मिळाली. सक्तीच्या झडत्या मागे पडल्या. पण एकदा उडालेला विश्वास लगेच परत येत नाही. १९०५ सालच्या आकड्यांतही ती भीती वाचता येते.

लपवलेले मृत्यू मग मोजायचे कसे?

कारण खोटं सांगता येतं, प्रेत लपवणं त्यामानाने कठीण. म्हणून आरोग्य खातं आठवड्यातले सर्व कारणांचे मिळून मृत्यू मोजी आणि त्याच आठवड्याच्या मागच्या वर्षांच्या सरासरीशी ताडून पाही. सरासरीहून जास्त भरले त्यातले ‘प्लेग’ म्हणून नोंदलेले किती? उरलेले कुठल्या रकान्यात गेले? अशी ती पद्धत. करोनाच्या काळात ‘अतिरिक्त मृत्यू’ म्हणून आपण जे वाचलं ते मुळात हेच.

अहवाल वाचताना ‘ताप’ आणि ‘श्वसनाचे रोग’ हे दोन रकाने प्लेगच्या शेजारी ठेवून वाचा. मुंबईत प्लेग हिवाळ्यात डोकं वर काढी, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कळस गाठी आणि पावसाळ्यात ओसरे. त्याच महिन्यांत तापाचे मृत्यूही तसेच चढत-उतरत असतील तर त्या तापात प्लेग मिसळलेला आहे असं समजायला हरकत नाही. अर्थात सगळाच नव्हे. त्या काळात उलटून येणारा ताप, विषमज्वर, हिवताप हे सगळे एकाच रकान्यात कोंबलेले असत.

दर हजारी मृत्यू काढताना लोकसंख्या कुठली धरावी?

इथे भलेभले अडकतात. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. शहर आटलं का? मृत्यू झाले हे खरंच, पण गणना झाली ती ऐन प्लेगच्या मोसमात, मार्चच्या सुरुवातीला. लाखो लोक त्या वेळी कोकणात, घाटावर, गुजरातेत आपापल्या गावी होते. पुढे फेब्रुवारी १९०६ मध्ये पालिकेने स्वतंत्र शिरगणती केली, तेव्हा आकडा आला ९,७७,८२२.

आता हिशेब करून बघा. समजा एका वर्षात २०,००० मृत्यू झाले. १९०१ ची लोकसंख्या धरली तर दर हजारी जवळजवळ २६, आणि १९०६ ची धरली तर २० च्या आसपास. मृत्यू तेवढेच, फरक फक्त भाजकाचा. १९०२ ते १९०५ च्या अहवालांतले दर वाचताना कोणती लोकसंख्या धरली आहे ते तळटीपेत शोधा. सापडलं नाही तर ते दर बाजूला ठेवा आणि नुसते मृत्यूंचे आकडे वापरा.

पळालेल्या माणसांचा दुसरा घोळ असा की त्यांतले कित्येक गावी जाऊन मेले. रत्नागिरी जिल्ह्यात मेलेला गिरणी कामगार मुंबईच्या वहीत येत नाही, जरी पिसू त्याला परळच्या खोलीत चावलेली असली तरी.

उंदीर का मोजत?

माझ्या दृष्टीने हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग. माणसं सांगायला तयार नव्हती, तेव्हा माग काढणाऱ्यांनी उंदरांना विचारायला सुरुवात केली.

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला यर्सिन यांनी शोधला होता. पिसू हा दुवा १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत मांडला, पण तो फारसा कोणी मानला नाही. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत काम करणारे कॅप्टन ग्लेन लिस्टन यांनी मात्र तो धागा धरला. एप्रिल १९०३ मध्ये एका चाळीत उंदीर पटापट मरू लागले आणि मग रहिवाशांना पिसवांचा उपद्रव सुरू झाला. लिस्टन यांनी तिथल्या माणसांच्या अंगावरच्या ३० पिसवा पकडून तपासल्या. त्यांतल्या १४ उंदराच्या निघाल्या. एरवी माणसांच्या अंगावरून गोळा केलेल्या २४६ पिसवांत उंदराची होती फक्त एक. उंदीर मेले, पिसवा उपाशी राहिल्या आणि माणसाकडे वळल्या, हे या दोन आकड्यांवरून जितकं स्वच्छ कळतं तितकं पानंच्या पानं लिहूनही कळलं नसतं.

१९०५ मध्ये प्लेग संशोधन आयोगाचं काम परळला सुरू झालं. लिस्टन, लँब, पेट्री, रोलँड ही मंडळी त्यात होती. शहरभरातून मेलेले आणि सापळ्यात पकडलेले उंदीर रोज परळला येत. प्रत्येक उंदराबरोबर तो कुठल्या रस्त्यावर, कुठल्या घरात मिळाला याची चिठ्ठी. तिथे तो फळीवर उताणा करून टाचण्यांनी ताणत, कातडी सोलत आणि चार खुणा पाहत: मानेतली गाठ, कातडीखालची लाली, यकृतावर रव्यासारखे बारीक ठिपके, छातीच्या पोकळीत साठलेलं पाणी. माणसाला गाठ बहुधा जांघेत येते, कारण पिसू पायाला चावते. उंदराला ती बहुधा मानेत येते. सराव झालेला माणूस सूक्ष्मदर्शकाखाली न पाहताही प्लेगचा उंदीर ओळखी.

मग हे सगळं नकाशावर चढवलं गेलं. मुंबईत उंदराच्या मुख्य दोन जाती होत्या. एक गटारात राहणारी मोठी तपकिरी, दुसरी घरात, कौलांत, माळ्यावर राहणारी काळी. साथ आधी गटारातल्या उंदरांत लागे, साधारण दहा दिवसांनी घरातल्यांत, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसांत. म्हणजे एखाद्या गल्लीत प्लेगचा उंदीर सापडला तर त्या गल्लीतल्या माणसांकडे हातात काही दिवस होते. खोली सोडायला, लस टोचून घ्यायला, वखार रिकामी करायला. झडतीतून जे कधीच कळलं नाही ते इथे दोन आठवडे आधी कळत होतं, आणि कोणाच्या अब्रूला हात न लावता.

गिनीपिगचं काय काम होतं?

पिसवा गोळा करण्याचं. प्लेग झालेल्या खोलीतून माणसं बाहेर पडली की रात्रभर तिथे गिनीपिग मोकळे सोडत. भुकेल्या पिसवा त्यांच्या अंगावर चढत. सकाळी गिनीपिग आणून, पिसवा वेचून मोजत. त्यांतले काही गिनीपिग पुढे प्लेगने मरत, तेव्हा खोलीत अजून विष आहे हे सिद्ध होई. औषधाने धुतलेल्या खोल्यांतही असंच घडलं, तेव्हा भिंती धुण्याचा एवढा अट्टहास किती व्यर्थ होता ते उघड झालं.

दुसरा प्रयोग मुद्दाम बांधलेल्या खोपट्यांत केला गेला. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या जनावराला प्लेग होई. दोन फुटांवर, पिसवेच्या उडीच्या टप्प्याबाहेर टांगलेल्याला होत नसे. हवा तीच, खोली तीच. रोग हवेतून किंवा जमिनीतून उठतो हे म्हणणं तिथे संपलं.

उंदीर पकडायला विरोध नव्हता?

होता. जीवहत्या नको म्हणून जैन आणि अनेक हिंदू घरांतून सापळे लावू देत नसत. पण घराची झडती आणि घरातला सापळा यांत लोकांनी फरक केला, असं मला वाटतं. सापळ्यावरून दंगल झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

हाफकिन यांची लस याच परळला बनायची का?

हो. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या जागेत लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १९२५ पासून तिला हाफकिन संस्था म्हणतात.

हिवतापाचा माग कसा काढला?

मुलांच्या पोटावर हात ठेवून. हिवताप वारंवार झाला की पानथरी (प्लीहा) वाढते आणि बरगडीखाली हाताला लागते. १९११ मध्ये अहवाल देणारे चार्ल्स बेंटली यांनी शहरातल्या मुलांच्या पानथऱ्या भागवार तपासल्या. यात कोणी काही लपवण्याचा प्रश्न नव्हता. अलेक्झांड्रा गोदीचं, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीचं, काम तेव्हा चालू होतं आणि त्या बाजूला आणि कोटात, म्हणजे फोर्टात, हिवताप जोरात होता. डासाची जात ॲनोफेलिस स्टीफेन्सी. ती वाढत होती घराघरांतल्या विहिरींत आणि टाक्यांत. नळाचं पाणी येऊनही विहिरी उघड्याच राहिल्या होत्या.

विहिरी बुजवा म्हटल्यावर पारशी आणि हिंदू दोघांनीही धार्मिक कारणांनी हरकत घेतली. पाण्याची पूजा होते, ते अंधारात कोंडायचं कसं? पुष्कळ ठिकाणी झाकण बसवून मधोमध लहानसं दार ठेवण्याची तोड निघाली. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर आजही नांदती आहे.

१९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, या यंत्रणेने पकडली का?

उशिरा. जूनमध्ये गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने आडवे झाले, ती पहिली ठळक खूण. पण इन्फ्लुएंझा नोंदवण्याचं बंधनच नव्हतं. प्लेगसाठी उभारलेल्या व्यवस्थेत उंदीर होते, गाठी होत्या. खोकल्याचा रकाना कोणी रोज पाहत नव्हतं. सप्टेंबरात दुसरी लाट आली आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले.

या साथीचे जातवार आकडे पाहा. कनिष्ठ मानलेल्या जातींतल्या हिंदूंत दर हजारी ६१.६ मृत्यू, युरोपियनांत ८.३. डॉ. टर्नर तेव्हा आरोग्य अधिकारी होते, आणि त्यांच्या खात्याच्या वह्यांत जातीचा रकाना होता म्हणून हे आपल्याला आज दिसतं. विषाणू जात पाहून आला नव्हता. एकाच खोलीत दहा माणसं, त्या वर्षीचा दुष्काळ, महाग धान्य आणि आजारी पडलं तर पाणी द्यायलाही कोणी उरलेलं नाही, हे त्या ६१.६ मध्ये आहे.

१९२१ चा बालमृत्यूचा आकडा खरा मानावा का?

दर हजार जन्मांमागे ६६० च्या वर, आणि एकखणी बिऱ्हाडांत ८०० च्या वर. वाचून धक्का बसतो आणि भाषणांत तो नेहमी वापरला जातो. जपून वापरावा. बाळंतपणाला बाई गावी जाई, जन्माची नोंद गावी होई (किंवा होतच नसे), आणि तान्हं बाळ घेऊन ती मुंबईत परते. ते दगावलं तर मृत्यू मुंबईच्या खात्यात. जन्माच्या वहीत नसलेली मुलं मृत्यूच्या वहीत आली की दर फुगतो. खरा दर भयंकरच होता यात शंका नाही. एकाच खोलीत राहणाऱ्यांची मुलं जास्त मरत, हा त्यातला निष्कर्षही टिकतो. फक्त तो नेमका आकडा छातीठोकपणे सांगू नये.

आमचे पणजोबा मुंबईत प्लेगने गेले. नोंद मिळेल का?

काही घरांना मिळते. ते राहत होते तो भाग आजच्या कुठल्या वॉर्डात येतो ते आधी ठरवा आणि पालिकेच्या त्या वॉर्ड कार्यालयात जुन्या मृत्यू नोंदींबद्दल विचारा. अंदाजे वर्ष आणि महिना लागतोच. काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात सरकारी पत्रव्यवहार आणि अहवाल आहेत, व्यक्तींचे दाखले तिथे शोधू नका.

कारणाच्या रकान्यात ‘प्लेग’ नसेल तर घरची आठवण खोटी ठरवू नका. वर सांगितलं तसं ‘ताप’ किंवा ‘फुप्फुसाचा दाह’ लिहिलेलं असू शकतं. फेब्रुवारी ते एप्रिल, दोन-चार दिवसांचं आजारपण, त्याच चाळीत त्याच महिन्यात आणखी मृत्यू, असं जुळलं तर घरचं सांगणं बरोबर असण्याचीच शक्यता जास्त. आडनावाऐवजी बापाचं नाव, नाहीतर नुसती जात आणि धंदा लिहिलेला असतो, म्हणून आडनावावरच अडून बसू नका. आणि मुंबईत काहीच सापडलं नाही तर गावाकडे वळा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी वही मागा. बऱ्याच ठिकाणी ती मोडीत आहे, तेव्हा मोडी वाचणारा माणूस बरोबर न्या.